बांबूच्या वर न न्यायची बातमी

एंटेबे, २ जुलै १९९६

थेंबो,

हे पत्र घेऊन येणारा उंच, लाल कानांचा माणूस म्हणजे योरिस. हॉलंडचा आहे. पाठीवर आपल्या आईच्या कपाटाएवढी पिशवी आहे, पण तिला घाबरू नको. आत निम्मे मोजे आणि निम्मी औषधं आहेत. मला सगळं उघडून दाखवलं त्याने.

परवा तो आमच्या प्राणिसंग्रहालयात आला. लोक तासाभरात सिंह बघून तळ्याकडे मासे खायला जातात. हा दिवसभर चिंपांझींसमोर बसला. त्यांनी त्याची टोपी पळवली तरी बसला. काल पुन्हा आला तो थेट माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. मी माकडांसाठी पपया चिरत होते, तर विळा मागून चिरायलाच लागला. माकडांपेक्षा माकड आहे. म्हणाला, इथून र्‍वेंझोरीच्या डोंगरावर जाणार, बर्फ बघणार. माझ्या तोंडून निघून गेलं की माझा भाऊ वाटाड्या आहे. मग काय, पत्रच मागितलं.

एक सांगून ठेवते. याला ‘नको’ म्हटलेलं कळत नाही. मागच्या खोलीत नवा कोल्हा ठेवलाय, कुणा शेतकऱ्याने पकडून आणून दिलेला. नवं जनावर आलं की काही दिवस वेगळं ठेवतात, बाहेरच्याने आत जायचं नाही असा नियम आहे. हा फार मागे लागला म्हणून मी नेलं. नको म्हणेपर्यंत याने जाळीतून बोटं आत घातली, कोल्ह्याने धरली. मी ओढून सोडवला. थोडं रक्त आलं, साबणाने धुतलं. हा आपला हसतोय.

तेव्हा वर त्याला नीट धर. आणि बर्फाखालच्या झोपडीच्या पुढे जायचं नाही, तुला घातलेली शपथ आठवते ना? बालुकूदादा अजून तिथंच आहे, बर्फाच्या भेगेत. आईने त्या डोंगराला एक मुलगा दिला तेवढा पुरे.

तुझी
बीराताई


इबांडा, ५ जुलै

ताई,

तुझा पाहुणा पोचला. कासेसेहून ट्रकच्या टपावर बसून आला, पिशवी मात्र आत सीटवर. आईने त्याला कसाव्याच्या पिठाचा बुंडू आणि घेवडा वाढला. बुंडूचा गोळा त्याने हाताने न मोडता चमच्याने कापून खाल्ला. आई तोंडावर पदर घेऊन हसत होती.

संध्याकाळी त्याने अंगणातून ‘थेंबो’ अशी हाक मारली तर तिघे उठून आले. पाचव्या मुलाचं नाव थेंबोच ठेवतात हे त्याला काही केल्या पटेना. म्हणाला, “मग डोंगरात हाक मारली तर कोण येणार?” ब्वाम्बालेकाका म्हणाले, “ज्याला कमी काम असेल तो.” काका यंदाही आहेत बरोबर, ओझेवाल्यांचे पुढारी म्हणून. बाबांच्या वेळचा आता तो एकच माणूस उरलाय. गुडघे वाजतात, पण चढ लागला की आम्हा पोरांना मागे टाकतात.

बोटाला पट्टी आहे पाहुण्याच्या. कुणी विचारलं की सांगतो, कोल्ह्याने मुका घेतला.

उद्या निघतो. आठवड्याभराची फेरी. शपथ आठवते, ताई. दर वेळी आठवण करून द्यायला नको.

थेंबो


एंटेबे, ८ जुलै

थेंबो,

कासेसेच्या बसच्या कंडक्टरकडे हे पत्र देतेय, तो इबांड्याला पोचवील. शिधा घेऊन जो वर येईल त्याच्याबरोबर तुला मिळेल.

इथं सगळं छान आहे. ऊन चांगलं पडतंय. मागची खोली रिकामी झाली, धुऊन घेतली, आता दुसरं जनावर आणतील. आमचे डॉक्टर योरिसची चौकशी करत होते. त्यांना त्याला भेटायचं आहे, लवकर भेटायचं आहे. फेरी अर्ध्यावर सोडून त्याला खाली घेऊन ये आणि सरळ एंटेब्याच्या बसमध्ये बसव. बर्फ काय, पुढच्या वर्षीही असेल. त्याला म्हणावं, बीराने कच्च्या केळ्यांचे मटोके आणि शेंगदाण्याची आमटी करून ठेवलीय, गार होईल.

हे वाचलंस की त्याच दिवशी निघ. थेंबो, लाडक्या, एवढं ऐक माझं.

बीराताई


बुजुकू तळं, ११ जुलै

ताई,

पत्र वाचून आम्ही सगळे हसलो. गेल्या साली तुला स्वप्न पडलं म्हणून मी परत फिरलो. त्याआधी आईचा पाय मुरगळला होता. खाली येऊन बघतो तर आई शेतात. आता मटोके गार होतायत. तुझा जीव वर अडकतो हे मला कळतं, पण दर वेळी मी पाहुण्याला अर्ध्या वाटेवरून परत नेऊ लागलो तर मला कोण विचारील?

आणि पाहुण्याला आत्ता हलवताही येत नाहीये. इथं धुकं असं बसलंय की झोपडीच्या दारातून तळं दिसत नाही, नुसता आवाज येतो. चिखलात मांडीपर्यंत पाय जातो. काल दोन ओझेवाल्यांनी पलीकडच्या उतारावर माणसं पाहिली म्हणे, बंदुका घेतलेली, सरहद्दीच्या बाजूने येणारी. मी पाहिली नाहीत. पण रात्री चूल पेटवायची नाही असं काकांनी ठरवलंय, तेव्हा समज.

त्यात योरिसला उंची बाधली. डोकं धरून बसतो, कुणी बोललं तर अंगावर येतो, आणि पाण्याला तोंड लावत नाही. कप पुढे केला की मान फिरवतो. काल चहाचा कप हाताने उडवलाच. एरवी किती गोड माणूस. होतं असं वर. एकदोन दिवस पडून राहिला की ठीक होईल, मग बघू पुढे जायचं का ते.

काळजी करू नको. मटोके तूच खाऊन टाक.

थेंबो


एंटेबे, १४ जुलै

थेंबो,

हे पत्र एकट्याने वाच. बसून वाच. काठी बाजूला ठेव.

मला नियम ठाऊक आहे. बांबूचं रान संपलं की वर वाईट बातमी न्यायची नाही, बोलायची नाही, डोंगराचा देव कितासांबा ऐकतो. आजी गेली तेव्हा बाबा वर होते. त्यांना ती बातमी खाली उतरून बांबूत आल्यावर सांगितली, मग ते तिथंच बसून रडले. आणि बाबा गेले तेव्हा मामाला राहवलं नाही, त्याने दादाला वर निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दादाचा पाय निसटला. हे तूही जाणतोस, मीही. म्हणून मागच्या पत्रात मी उन्हाच्या आणि मटोक्यांच्या गोष्टी लिहिल्या. तुला वाटलं ताईचं नेहमीचं रडगाणं. वाटणारच.

कोल्हा मेला. पिसाळलेला होता. डॉक्टरांनी त्याचं डोकं कंपालाला तपासायला पाठवलं होतं, ८ तारखेला नक्की कळलं. त्याच दिवशी मी तुला लिहिलं.

तू लिहिलंस की तो पाणी घेत नाही, अंगावर येतो. तुला ठाऊक आहे ते कशाचं लक्षण असतं. लहानपणी आपल्या वस्तीवरच्या किसेम्बोला पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर बांधून ठेवलं होतं, ते तू दारातून पाहिलंयस. मी तुझं पत्र हातात घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले ते कुणीतरी उठवेपर्यंत. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर सहसा होत नाही, तुझा भाऊ म्हणतो तसं उंचीचंही असेल. पण ‘असेल’ म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आता ऐक. सुया आहेत. गावच्या दवाखान्यात एकाच माणसाला पुरेल एवढी एक पेटी होती, ती डॉक्टरांनी आणून आमच्या फ्रीजमध्ये मासळीच्या वरच्या कप्प्यात ठेवलीय. दुसरी कधी येईल ते कंपालावालेही सांगू शकत नाहीत. त्या पेटीवर मी योरिसचं नाव लिहिलंय. आजार सुरू झाला नसेल तर अजून त्या लागू पडतील. सुरू झाला असेल तर काही उपयोग नाही, मग त्याच्याजवळ एकटा झोपू नको. त्याची लाळ तुझ्या हाताला लागू देऊ नको. सुरी, कुऱ्हाड लपव. वेळ आली तर बांध. ते पाप नाही.

मी पाठवलेला माणूस आहे तो. तुझ्या हातात मेला तर आईसमोर आणि त्याच्या आईसमोर मी काय तोंड दाखवू? आणि तुला परत डोंगरावर कोण पाठवील?

मी हे वर पाठवतेय म्हणजे काय करतेय ते मला कळतंय. रात्रभर पाकीट बंद करून उघडत होते. खाली येईपर्यंत एकेक पाय बघून टाक.

बीराताई


बर्फाखालची झोपडी, १६ जुलै

ताई,

शिध्यासाठी खाली गेलेले ब्वाम्बालेकाका आज दुपारी वर आले आणि तुझं पत्र दिलं. दुसऱ्या ओळीला माझा चेहरा उतरला असणार. काका म्हणाले, “खालचं आहे ना? मग तोंड मीट. इथं नको.” मी दोनदा वाचलं आणि शर्टात घातलं.

योरिस मधे दोन दिवस बरा झाला होता, म्हणून तर आम्ही इथवर आलो. पण आज सकाळपासून पुन्हा झोपायच्या पिशवीत शिरून भिंतीकडे तोंड करून पडला होता. काही खाल्लं नव्हतं, प्यायला नव्हता. मी सुरी तांदळाच्या पोत्यात खुपसली. बर्फाची कुऱ्हाड बाहेर नेऊन ठेवली. दोर मांडीवर घेऊन त्याच्या पायाशी बसलो. ताई, मी या डोंगरावर दरड कोसळताना पाहिलीय, पण एवढा कधी भ्यालो नाही. त्याच माणसाबरोबर काल पत्ते खेळलो होतो आणि आज त्याचे हात कसे बांधायचे ते मनात ठरवत होतो.

शेवटी कपात पाणी ओतलं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. त्याने कपाकडे बघितलं. गळा हलला. मान फिरवली. मी दोर उचलला.

तो म्हणाला, “याला परत धुराचा वास येतोय. लिंबाची पूड टाक ना त्यात.”

टाकली. सगळा कप प्यायला. आणखी मागितला. मी दोर गुंडाळून कोपऱ्यात टाकला.

मग मी नियम मोडला. पत्र वाचून दाखवलं, इंग्रजीत जमेल तसं. काका उठून बाहेर गेले, मागोमाग दोन पोरंही. योरिसने शेवटपर्यंत ऐकलं. मग दंड उघडा करून म्हणाला, या सुया त्याने घरून निघण्यापूर्वीच घेतल्यात. पाठीवर पिशवी टाकून जग फिरणारे त्याच्याकडचे लोक पुष्कळ वेळा घेऊनच निघतात म्हणे, कुत्रं कुठेही चावू शकतं म्हणून. आता खाली जाऊन जास्तीच्या दोन घेतल्या की झालं. त्या त्याच्या देशाची कंपालातली माणसं देतील. तुझ्या पेटीची त्याला गरज नाही.

मी हसायला लागलो. तो हसला नाही. म्हणाला, “आणि तुझी बहीण?”

मी म्हटलं, तिचं काय?

म्हणाला, “मला नुसता दात लागला. तिने माझा हात ओढला तेव्हा कोल्हा तिच्या मनगटाला लोंबकळला होता. तिनेच त्याचा जबडा उघडला. तिने सुया घेतल्या ना?”

ताई, तीन पत्रं लिहिलीस. त्यात चिंपांझीची टोपी आहे, मटोके आहेत, किसेम्बो आहे. तुझं मनगट कुठेच नाही.

का केलंस असं? डॉक्टरांना सांगितलंस तर ती पेटी तुला देतील म्हणून? की मागच्या खोलीत पाहुण्याला नेलं ते कळून काम जाईल म्हणून? दोन्ही असेल. मला त्याचं काही नाही. तू आत्ता, हे वाचता वाचता उठ, डॉक्टरांकडे जा आणि बाही वर कर. पेटीवरचं नाव खोड. काम गेलं तर इकडे ये, आपण दोघं खाऊ तेवढं आहे.

आम्ही उद्या उतरायला लागू, पण योरिसच्या पायाने वेळ लागेल. म्हणून काका हे पत्र घेऊन आत्ताच निघतायत. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दाराबाहेर सगळं ऐकत उभे होते. म्हणाले, “बीरा माझ्या खांद्यावर बसून जत्रेला गेलीय. आण ते.” आणि काठीही न घेता निघाले.

एक माझ्याकडूनही. काल सकाळी आम्ही बर्फावर गेलो होतो. शपथ मोडली. दादाची भेग पाहिली, निळी आहे आतून. तू खोटं लिहिलंस आणि मीही लिहिणार होतो. आता नको दोघांनीही.

थेंबो


एंटेबे, १९ जुलै

थेंबो,

काका स्वतःच आले. इबांड्याला बसवाल्यावर भरवसा ठेवेनात, म्हणून थेट इथपर्यंत. जन्मात कधी कंपालाच्या पलीकडे आले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, पत्र दिलं आणि मी वाचेपर्यंत सिंहाची डरकाळी ऐकून भिंतीला टेकले.

पहिली सुई घेतली. डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा ओरडले. उशीर झालाय म्हणाले. मनगटाची जखम खोल होती. माझ्या अंगात ते विष शिरून पुढे निघालं असेल की नाही ते कुणालाच सांगता येत नाही. सुया आधी पोचल्या तर जगले. सगळ्या सुया संपल्यावरही बरेच दिवस वाट बघायची.

तू विचारलंस, का. खरं सांगते. पहिल्या दिवशी कामाच्या भीतीने बोलले नाही. नंतर पेटी एकच निघाली, आणि तो तुझ्याजवळ होता. तो मेला तर तू बुडणार. मी मेले तर मीच मरणार. एवढाच हिशेब होता, आणि तो मला सोपा वाटला. आता सुई घेतल्यापासून मात्र मला फार भीती वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

बीराताई


इबांडा, २१ ऑगस्ट

ताई,

योरिस कंपालाला सुया घ्यायला गेला तेव्हाच आपलं ठरलं होतं. दर बसला एक ओळ. पाणी प्यायले, इतकंच. महिनाभर तू पाळलंस. तुझ्या त्या ओळी मी आईला वाचून दाखवतो. त्या कशाबद्दल आहेत हे तिला सांगितलेलं नाही. ती म्हणते, पोरगी रोज पाणी पिते हे काय कळवायचं?

शुक्रवारची बस आली. कंडक्टरने लांबूनच हात हलवला, काही नाही म्हणून. मंगळवारची आली. त्याने खाली मान घातली.

काल चार पाहुणे आले, जर्मन आहेत, चांगले आहेत. मी नाही म्हणालो. घरच्यांना वाटलं बंदुकवाल्यांच्या भीतीने. तसं नाही. मी वर असताना तुला काही झालं तर मला कुणी सांगणार नाही. मी गाणी म्हणत, शीळ घालत बर्फावर फिरत असेन, आणि सगळ्या ओझेवाल्यांना ठाऊक असेल, आणि ते मला जास्तीचा चहा देतील. बाबा गेले तेव्हा त्यांनी दादाला असाच जास्तीचा चहा दिला होता, मामाचा निरोप येईपर्यंत.

परवाच्या बसला काही आलं नाही तर मी त्याच बसने निघतोय.

थेंबो


एंटेबे, २२ ऑगस्ट

थेंबो,

निघू नको. हे कंडक्टरच्या हातात देऊन त्याच्याकडून शपथ घेतलीय की इबांड्याला तो स्वतः उतरून देईल.

गेल्या गुरुवारी सकाळी उठले तर घसा धरला होता. गिळताना दुखत होतं. मी कप भरला आणि टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. हात पुढे जाईना. दुखतंय म्हणून घेत नाही, की घेता येत नाही म्हणून घेत नाही, हे मला कळेना. बस गेली. चिंपांझींनी खायला नाही म्हणून दगड मारून पत्रा वाजवायला सुरुवात केली. तरी मी बसूनच. दुपारी डॉक्टर आले, समोर बसले. त्यांचाही चेहरा मी बघितला.

मग प्यायले. दुखलं, पण गेलं. तीन दिवस तापाने पडले होते, लिहिता येईना. सर्दी होती, थेंबो. नुसती सर्दी. सोमवारच्या बसलाही लिहायला उठले, पण ‘प्यायले’ लिहिण्याआधी पुन्हा कप भरावा लागला असता, आणि तेवढी हिंमत झाली नाही.

सगळ्या सुया झाल्या. डॉक्टर म्हणतात, रोज थोडी भीती कमी होईल. त्यांची होत असेल.

त्या जर्मनांना घेऊन जा. बर्फापर्यंत जायचं तर जा, शपथ मी काढून घेते. दादा गेल्यापासून तू वर असलास की मी भात शिजवताना, झोपताना, बसमध्ये, सगळीकडे तुझी पावलं मोजत असते. तुला त्याचं हसू यायचं. आता या महिनाभरात तूही माझे घोट मोजलेस, तेव्हा तुला वेगळं काही सांगायला नको.

आणि वर असताना मला काही झालं तर तुला सांगायचं नाही, असं मी काकांना कळवलंय. खाली बांबूत आल्यावर सांगतील. तोवर पाय नीट पडू देत.

हे पाकीट बंद करण्याआधी पाणी पिणार आहे. कप भरून ठेवलाय.

बीराताई

ता. क. प्यायले.